रास्पबेरी पायची इनपुट पिन पुन्हा पुन्हा उडते? आधी परत येणारी तार मोजा

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर लक्षण असं असतं. सेन्सर जोडला, प्रोग्राम चालला, आठ-पंधरा दिवस आकडे व्यवस्थित येत राहिले. मग एक दिवस इनपुट एकाच जागी अडकून बसलं, कायम हाय (व्होल्ट आहेत) नाहीतर कायम लो (शून्य). प्रोग्राम तपासून झाला, सेन्सर बदलून झाला, फरक शून्य. तीच तार शेजारच्या पिनवर हलवली की सगळं सुरळीत. आणि काही दिवसांनी तीही पिन गेली.

माझ्याकडे हे पाण्याच्या टाकीवरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरने केलं. एचसी-एसआर०४, दोन डोळ्यांचं ते ओळखीचं मॉड्यूल. जीपीआयओ (बोर्डावरच्या सिग्नलच्या पिना) पैकी १८ गेली म्हणून २३ वर आलो. २३ गेली म्हणून २४ वर आलो. २४ पण गेली तेव्हा मात्र हात थांबला. छप्पर गळतंय आणि मी नुसती बादली सरकवतोय, असं चाललं होतं.

मॉड्यूल जोडताना आपण सगळे एकच गोष्ट विचारतो: याला किती व्होल्ट द्यायचे? पिनेच्या जिवाशी संबंध आहे तो दुसऱ्याच प्रश्नाचा: याच्याकडून किती व्होल्ट परत येतात? रास्पबेरी पायच्या हेडरवर (पिनांच्या दुहेरी रांगेवर) ५ व्होल्टच्या दोन पिना असतात. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की बोर्ड ५ व्होल्टचाच आहे. त्या दोन पिना सप्लायच्या आहेत, सिग्नलच्या नाहीत. जीपीआयओच्या सगळ्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि त्याहून जास्त दाब (व्होल्टेज) त्यांच्यावर द्यायचा नाही असंच धरून चालायचं.

मग पहिल्याच दिवशी का उडत नाही? चिपच्या आत प्रत्येक पिनेपाशी बारीकशी संरक्षक रचना असते. पिनेवरचा दाब ३.३ च्या वर जरा जास्तच चढला की जादा प्रवाह तिच्यातून वाट काढतो. अंगावरच्या स्थिर विजेचा क्षणभराचा झटका पचवणं हे तिचं काम. रोज सेकंदा-सेकंदाला ५ व्होल्टचा मार खाणं हे तिचं काम नाही. ती सोसते, तापते, झिजते आणि आपल्याला वाटतं ‘काल तर चालत होतं’. पहिल्या मिनिटाला धूर निघाला असता तर चूक तिथेच कळली असती.

पिन खरंच मेली आहे का?

हे आधी पक्कं करा, कारण निम्म्या वेळा पिन धडधाकट असते. पिनेवरची तार काढून घ्या, काहीही जोडलेलं नको. पिन इनपुट करा, आतला पुल-अप (पिनेला ३.३ कडे ओढणारा रेझिस्टर) चालू करा आणि वाचा: हाय यायला हवं. मग पुल-डाउन (ग्राउंडकडे ओढणारा) चालू करून वाचा: लो यायला हवं. नव्या सिस्टिमवर पिन-सीटीआरएल या कमांडने हे दोन मिनिटांत होतं, प्रोग्राम लिहायचीही गरज नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आली तर तिचा इनपुटचा भाग जिवंत आहे, दोष तारेत किंवा सेन्सरमध्ये शोधा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर पिन गेली.

याला अपवाद आहे आणि त्यात बरेच जण फसतात. जीपीआयओ २ आणि ३ या आय२सीच्या (दोन तारांवर चिपांशी बोलायच्या पद्धतीच्या) पिना. यांच्यावर बोर्डवरच १.८ किलोओहमचे पुल-अप ३.३ व्होल्टकडे कायमचे लावलेले आहेत. आतला पुल-डाउन साधारण ५० किलोओहमचा, म्हणजे अगदीच अशक्त. तो या १.८ पुढे काय टिकणार? या दोन पिना मोकळ्या असताना नेहमी हायच वाचणार, आणि त्या मेलेल्या नसतात.

दुसरी खोटी मृत्युवार्ता पाय ५ वर येते. २०२३ मध्ये आलेल्या या बोर्डवर जीपीआयओचं काम मुख्य प्रोसेसरकडून काढून आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे दिलं आहे. त्यामुळे जुन्या आरपीआय-जीपीआयओ लायब्ररीवर लिहिलेला प्रोग्राम तिथे चालत नाही. जीपीआयओ-झीरो वापरून तोच प्रोग्राम लिहिला की ‘मेलेली’ पिन बोलायला लागते.

तिसरी गंमत क्रमांकांची. पिनेला दोन नंबर असतात: चिपचा जीपीआयओ क्रमांक, आणि हेडरवर कोपऱ्यापासून मोजलेला क्रमांक. कुणी नुसतं ‘पिन ४’ म्हणालं की मी लगेच विचारतो, कुठली चार? जीपीआयओ ४ हेडरवर ७ व्या जागी आहे. हेडरवरच्या ४ थ्या जागी सरळ ५ व्होल्ट आहेत. १७ चं तर त्याहून वाईट. जीपीआयओ १७ हेडरवर ११ व्या जागी, आणि हेडरची १७ वी जागा म्हणजे ३.३ व्होल्टचा सप्लाय. ‘१७ नंबरवर बटण लावा’ असं वाचून कुणी हेडरवर सतरा मोजून बटणाची दुसरी तार ग्राउंडला लावली, तर बटण दाबताक्षणी बोर्डाचा सप्लायच ग्राउंडला शॉर्ट होतो. बोर्ड जागच्या जागी रीबूट होतो आणि माणूस प्रोग्रामात चूक शोधत बसतो. टर्मिनलमध्ये पिनआउट ही कमांड दिली की तुमच्याच बोर्डाचा नकाशा समोर येतो. तो उघडा ठेवूनच तार लावा.

मल्टिमीटरने मला कसं फसवलं

टाकीच्या सेन्सरकडे परत. ‘परत येणारी तार मोजा’ हे मी केलं होतं. एको पिनेची (सेन्सरचं उत्तर आणणारी) तार पायपासून सोडवली, मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, सेन्सर टेबलावर मांडून समोर ३० सेंटिमीटरवर पुठ्ठा उभा केला आणि प्रोग्राम चालू केला. मीटरवर आलं ०.१५ व्होल्ट. मी निश्चिंत झालो. दीड दशांश व्होल्टने पिन काय मरणार?

चूक मीटरची नव्हती. या सेन्सरला ट्रिगरवर १० मायक्रोसेकंदांचा टोला दिला की तो आवाज सोडतो, आणि एकोची तार जितका वेळ हाय राहील त्यावरून अंतर काढायचं असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३० सेंटिमीटर जाऊन परत यायला त्याला १.७५ मिलिसेकंद लागतात. माझा चाचणीचा प्रोग्राम दर ६० मिलिसेकंदांनी मोजत होता. म्हणजे तारेवर ५ व्होल्ट असतात ते ६० पैकी पावणेदोन मिलिसेकंद, बाकी वेळ शून्य. मीटर सरासरी दाखवतो: ५ गुणिले १.७५ भागिले ६०, आलं ०.१५. मीटरने अगदी खरं उत्तर दिलं, मी प्रश्न चुकीचा विचारला होता. पिनेला सरासरीशी काही देणंघेणं नाही, तिला शिखर लागतं.

ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच मिटला. माझ्याकडे नव्हता. उपाय दोन पैशांएवढा निघाला: एक १एन४१४८ डायोड आणि १ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर. एकोच्या तारेला डायोडचा पट्टा नसलेला पाय, पट्ट्याकडच्या पायाला कपॅसिटर, कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला. मीटर कपॅसिटरवर लावायचा. प्रत्येक शिखराला कपॅसिटर भरतो, डायोडमुळे उलटा रिकामा होऊ शकत नाही, आणि मीटरचा स्वतःचा रोध सहसा १० मेगाओहम असल्याने तोही त्याला फारसं शोषत नाही. तीच मांडणी, तोच पुठ्ठा, आणि मीटर चढत चढत साडेचारच्या आसपास जाऊन थांबला. वर डायोडने खाल्लेला थोडा दाब धरा. तीन पिना कशाने मारल्या ते समोर होतं.

तेव्हापासून नवं मॉड्यूल आलं की ते पायला लावायच्या आधी नुसतं सप्लायवर चालवून बघतो. बदलत्या तारा डायोड-कपॅसिटरने, स्थिर तारा नुसत्या मीटरने.

यात आश्चर्यही वाट्याला येतात. एचसी-एसआर५०१ हा हालचाल ओळखणारा सेन्सर ५ व्होल्टवर लावतात, म्हणून लोक त्यालाही घाबरतात. त्याच्या बोर्डावर स्वतःचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असतो आणि आउटपुट ३.३ चंच येतं. सप्लाय दोघांचा ५, पण एक पिन मारतो आणि दुसरा बिनधास्त जोडता येतो.

दाब उतरवायचा कसा

एकाच दिशेने येणारा सिग्नल असेल, एकोसारखा, तर दोन रेझिस्टर पुरतात. सेन्सरकडून २.२ किलोओहम, तिथून पुढे पिनेला तार, आणि त्याच जोडावरून ३.३ किलोओहम ग्राउंडला. ५ व्होल्टचे बरोबर ३ होतात. पायला हाय समजायला हे भरपूर आहे. १ आणि २ किलोओहमची जोडी जास्त प्रसिद्ध आहे आणि तीही चालते, पण तिच्यातून ३.३३ येतात. सप्लाय ५.२ भरला, रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे निघाले, की काठावरून पलीकडे. हातात जागा असताना काठावर कशाला उभं राहायचं?

रेझिस्टर उलटे लागले तर ३.३ किलोओहम वर जातो आणि पिनेला २ व्होल्ट मिळतात. पिन मरत नाही, पण वाचन कधी होतं कधी नाही. ‘दाब उतरवल्यापासून सेन्सर चुकतोय’ असं कुणी म्हणालं की मी आधी रेझिस्टरच्या रंगांचा फोटो मागतो.

ट्रिगरला काही लागत नाही. ती तार पायकडून सेन्सरकडे जाते आणि हा सेन्सर ३.३ ला हाय मानतो. ज्यांना नव्याने घ्यायचा आहे त्यांनी एचसी-एसआर०४पी बघावा. तो ३.३ वरही चालतो, मग दाब उतरवायचा खटाटोपच नाही. मॉड्यूल ३.३ वर चालत असेल तर ३.३ वरच चालवा, हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर बघा. ३ ते ५.५ व्होल्टवर चालतो, तरी माणसं सवयीने ५ देतात.

या डीएस१८बी२० वरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. तो आपली डेटाची तार कधीच वर ढकलत नाही, फक्त खाली ओढतो. वर नेण्याचं काम ४.७ किलोओहमचा पुल-अप करतो. म्हणजे पिनेवर किती व्होल्ट येणार हे तो पुल-अप कुठे बांधला आहे त्यावर ठरतं. ३.३ ला बांधला तर ३.३, ५ ला बांधला तर ५. सेन्सर तोच, तार तीच.

आय२सी: चालतंय म्हणून बरं आहे असं नाही

हाच मुद्दा आय२सीला लागू होतो, आणि इथे दोन रेझिस्टरची युक्ती चालत नाही, कारण तार दोन्ही दिशांनी बोलते. पाठीला पीसीएफ८५७४ ही आय२सीची चिप चिकटवलेला एलसीडी घ्या. त्याच्या बोर्डावर पुल-अप असतात आणि ते त्याच्या सप्लायला बांधलेले असतात. डिस्प्ले नीट दिसावा म्हणून सप्लाय ५ चा दिला की पुल-अपही ५ चे झाले.

हे लाखो वेळा जोडलं गेलं असेल आणि बहुतेकांचं चालतं. का चालतं ते आकड्यांत बघा. तार मोकळी असताना पायकडचा १.८ किलोओहम तिला ३.३ कडे ओढतो, एलसीडीकडचा ४.७ किलोओहम ५ कडे. दोघांच्या ओढाताणीत तार ३.७७ व्होल्टवर स्थिरावते. ३.३ च्या वर आहे, पण पिन तडकावी एवढीही वर नाही. एलसीडीवरचे पुल-अप १० किलोओहमचे असतील तर ३.५६. पायच्या दणकट पुल-अपमुळे निभावतं. तेच मॉड्यूल दुसऱ्या एखाद्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर लावलं, जिथे असे पुल-अप नाहीत, तर तार सरळ ५ वर जाऊन बसते. ‘पायवर वर्षभर चाललं, नव्या बोर्डवर आठवड्यात पिन गेली’ ही तक्रार इथून येते.

ओळखायचं कसं: मॉड्यूलला सप्लाय द्या, एसडीए आणि एससीएल (आय२सीच्या दोन तारा) मोकळ्या ठेवा, मीटरने मोजा. ५ दिसले तर पुल-अप ५ ला आहेत. मग एकतर ते दोन बारीक रेझिस्टर बोर्डावरून उपटा (पायचे स्वतःचे आहेतच, तार लांब नसेल तर भागतं), किंवा मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन बाजूंचे व्होल्ट जुळवणारा) घाला. बीएसएस१३८ मॉसफेटवाला चार मार्गांचा छोटा बोर्ड आय२सीसाठी उत्तम. त्याच्या एलव्ही बाजूला पायचे ३.३, एचव्ही बाजूला मॉड्यूलचे ५, आणि ग्राउंड दोन्हीकडे. एलव्ही जोडायचं विसरलं की शिफ्टर गप्प बसतो आणि आय२सी-डिटेक्टच्या तक्त्यात पत्ता दिसत नाही. मी हे एकदा नाही, तीनदा केलंय.

खूप तारा असतील आणि सगळ्या एकाच दिशेच्या, तर ७४एलव्हीसी२४५ हा बफर घ्या. त्याला ३.३ चा सप्लाय दिला तरी त्याची इनपुट ५ व्होल्ट सहन करतात. आठ मार्ग एका चिपमध्ये.

बोर्ड बंद, तरी लाल दिवा मिणमिणतोय

पायचा अडॅप्टर काढलाय आणि बोर्डावरचा लाल दिवा मंद पेटलेला आहे, असं दिसलं तर तिथेच थांबा. सेन्सरला वेगळा सप्लाय आहे, तो चालू आहे, आणि त्याच्या आउटपुटमधून वीज पिनेत शिरून आतल्या संरक्षक वाटेने ३.३ च्या रुळावर (बोर्डाच्या आतल्या सप्लाय लाइनवर) पोचते आहे. अख्खा बोर्ड एका इनपुट पिनेतून जगायला बघतोय. ती पिन त्यासाठी केलेली नाही.

यात सेन्सर ३.३ चा असला तरी सुटका नाही. बोर्ड बंद असताना त्याचा रूळ शून्यावर असतो, त्या शून्यापुढे ३.३ सुद्धा जास्तच. ज्यांनी व्होल्टेज काटेकोर जुळवलं आणि तरीही पिना जातात, त्यांनी आधी इथे शोधावं. वेगळा सप्लाय, रात्री पाय बंद, सेन्सर चालू. रोज रात्रभर हेच.

साधा उपाय म्हणजे सेन्सरला पायच्याच हेडरवरून सप्लाय द्या, अडॅप्टर काढला की दोघेही एकदम जातात. सेन्सर जास्त प्रवाह खात असेल आणि वेगळा सप्लाय लागणारच असेल, तर मध्ये वर सांगितलेला ७४एलव्हीसी२४५ घाला. त्याचा सप्लाय गेलेला असताना तो आपल्यातून वीज पुढे जाऊ देत नाही. वर सांगितलेली २.२ आणि ३.३ ची जोडी असेल तर २.२ मुळे शिरणारा प्रवाह फार तर २ मिलिअँपिअरच्या आसपास अडतो. तो शून्य नाही, पण थेट तारेपेक्षा बरीच बरी स्थिती.

वेगळा सप्लाय आला की ग्राउंडचा विषय येतोच. दोन्ही सप्लायचे ग्राउंड एकत्र नसतील तर पिनेला व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे तेच कळत नाही, आणि वाचन वेड्यासारखं उड्या मारतं. जोडताना ग्राउंडची तार सगळ्यांत आधी, काढताना सगळ्यांत शेवटी. आणि हे सगळं वीज बंद असताना. चालू बोर्डवर जंपर वायर सरकवताना तिचं टोक शेजारच्या पिनेला शिवतंच. हेडरच्या १ आणि २ क्रमांकाच्या पिना तर समोरासमोर ३.३ आणि ५ आहेत. त्या एकमेकींना टेकल्या तर एका पिनेवर भागत नाही, बोर्डच जाऊ शकतो.

बटण न दाबता दाबलं जातं

ही पिन मरण्याची तक्रार नाही, पण याच रांगेत येते, कारण लोक ‘पिन गेली’ समजून बोर्ड बदलतात. पंखा चालू केला, शेजारच्या खोलीत मोटर सुरू झाली, की बटणाचा इशारा येतो. तार जितकी लांब तितकं जास्त.

मोकळी इनपुट पिन म्हणजे अँटेना. पुल-अप किंवा पुल-डाउन नसेल तर ती हवेतलं काहीही उचलते. आतला ५० किलोओहमचा पुल-अप टेबलावरच्या बटणाला पुरतो. दहा मीटरच्या तारेला नाही पुरत. तिथे बाहेरून ३.३ ला ४.७ किलोओहम लावा, पिनेच्या तोंडाशी १ किलोओहम मालिकेत, आणि पिनेपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅराडचा कपॅसिटर, ज्याच्यावर १०४ छापलेलं असतं तो. सिग्नलची तार आणि ग्राउंडची तार एकमेकींना पीळ घालून न्या. त्यातूनही राहिलेली थरथर प्रोग्रामात मारा: जीपीआयओ-झीरोच्या बटणाला बाउन्स टाइम ०.०५ सेकंद दिला की बोटाच्या दाबाला तो जाणवत नाही, खोट्या इशाऱ्यांना मात्र अडवतो.

तो १ किलोओहम नुसता गोंगाटासाठी नाही. समजा आधीच्या कुठल्यातरी प्रोग्रामने हीच पिन आउटपुट करून हाय ठेवली आणि तुम्ही बटण दाबलंत. रेझिस्टर नसेल तर पिन सरळ ग्राउंडला शॉर्ट. रेझिस्टर असेल तर ३.३ मिलिअँपिअर वाहतात आणि काहीच होत नाही. माझ्याकडच्या प्रत्येक इनपुटवर आता हा १ किलोओहम असतो, गरज असो वा नसो.

१२ किंवा २४ व्होल्टचे सिग्नल

कारखान्यातला प्रॉक्सिमिटी सेन्सर, गेटचा लिमिट स्विच, अलार्मची तार. इथे दोन रेझिस्टरने दाब उतरवणारे दिसतात आणि मला ते बघवत नाही. खालचा एक रेझिस्टर सुटला, सोल्डर निखळलं, की पिनेवर सगळे २४ व्होल्ट. इथे ऑप्टोकपलरच लावावा. पीसी८१७ स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. आत एक एलईडी आणि समोर एक फोटोट्रान्झिस्टर, मध्ये फक्त प्रकाश, तांब्याची जोड नाही.

२४ व्होल्टला ४.७ किलोओहम मालिकेत लावला की एलईडीतून सुमारे ४.९ मिलिअँपिअर जातात आणि रेझिस्टरवर ०.११ वॉट तापतात, पाव वॉटचा आरामात चालतो. १२ व्होल्टला २.२ किलोओहम. बाहेर पडणाऱ्या बाजूला कलेक्टर पिनेला, एमिटर पायच्या ग्राउंडला, आणि पिनेपासून ३.३ ला १० किलोओहमचा पुल-अप. सिग्नल उलटा होतो: बाहेर वीज आली की पिन लो. प्रोग्रामात तेवढं लक्षात ठेवा.

त्या २४ व्होल्टच्या तारेवर कुठेतरी रिले किंवा सोलेनॉइडची कॉइल असेल तर बंद होताना ती उलटा झटका मारते, आणि पीसी८१७ चा एलईडी उलटे ६ व्होल्टच सहन करतो. त्याच्या दोन पायांवर एक १एन४१४८ उलटा लावा. आणि कृपा करून ‘सगळे ग्राउंड एकत्र’ हा वरचा नियम इथे लावू नका. २४ व्होल्टचा ग्राउंड पायच्या ग्राउंडला जोडलात की ऑप्टोकपलर लावून मिळवलेलं विलगीकरण एका तारेने घालवलंत. मेन्सच्या विजेचा सिग्नल हवा असेल तर त्यासाठी तयार, बंदिस्त मॉड्यूल घ्या. ब्रेडबोर्डवर तो खेळ करू नका.

टाकीचा सेन्सर सध्या जीपीआयओ २५ वर आहे, मध्ये २.२ आणि ३.३ किलोओहम. डायोड-कपॅसिटरची ती जोडी एका छोट्या पट्टीवर सोल्डर करून मीटरच्या पिशवीत टाकली आहे. १८, २३ आणि २४ या पिनांवर आवळनळीचे (हीट-श्रिंकचे) तुकडे चढवलेत, घाईत चुकून कुणी त्यांच्यावर काही लावू नये म्हणून. त्या कुणीमध्ये मीच पहिला.